जुन्या चुलीच्या जागी निर्धूर चूल बसवावी का?



कुरुळी, निघोजे, महाळुंगे या बाजूला फिरताना हा प्रश्न हल्ली बरेचदा कानी येतो. कंपनीच्या कुंपणाला लागून शेत, ओट्यावर गॅसची शेगडी, तरी कोपऱ्यातली चूल पेटतीच. अंघोळीचे पाणी, भाकरी, दुभत्या म्हशीचे आंबोण तिच्यावरच. मुलगा म्हणतो, तयार निर्धूर चूल आणून बसवू. सासूबाई म्हणतात, धूर आहे म्हणून आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नाही. त्यांचेही खोटे नाही. पण कणसे वाळवून बंद डब्यात ठेवता येतात. धूर मात्र भाकरी थापणारीच्या छातीत जातो आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्याही.

ही चूल नवी नव्हे. सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 साली सुरू झाला नि 2002 साली बंद पडला. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापलेल्या 'आरती' संस्थेची 'लक्ष्मी' चूलही पुष्कळांनी पाहिली असेल. पुढे चूल, मागे वैल आणि त्यामागे धुराड्याचा पाइप. साध्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले जेमतेम दहा भाग भांड्याला लागतात. सुधारलेल्या चुलीत निदान वीस लागावेत अशी अपेक्षा असते. मात्र वैलावर भांडे हवेच. ते उघडे राहिले की धूर पुन्हा घरात आणि सरपणाची बचतही गेली.

नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका घरी मी स्वतः उभे राहून चूल बसवून घेतली. कौले काढायला नकोत म्हणून पाइप भिंतीतून वळचणीखाली सोडला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला आणि सगळा धूर उलटा घरात. महिन्याभराने गेलो तर पाइप काढून गोठ्यात टाकलेला. बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला. चूक माझी होती. पाइप सरळ वर जाऊन आढ्याच्या वर दोन फूट तरी निघाला पाहिजे, त्याला टोपी हवी, वळणे नकोत. स्लॅबचे घर असेल तर भोकाभोवती गळती होणार नाही हे पाहा. कडब्याची गंजी जवळ असेल तर आधी ती हलवा. पाइपातली काजळी महिन्याला काढावी लागते; ती कोण काढणार हे आजच ठरवा. जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. बाभळीचे सरपण मिळेना, म्हणून कंपन्यांतून निघालेली खोकी नि फळ्या जळणाला येतात. कोऱ्या, सुक्या फळीला हरकत नाही. पण प्लायवूडमध्ये डिंकासारखी रसायने असतात. काही फळ्या रंगवलेल्या, काही तेल प्यालेल्या. परदेशी मालाच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मोकळे केलेले. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. 'एमबी'ची फळी चुलीत नको. धुराड्याने विष नाहीसे होत नाही, शेजाऱ्याच्या अंगणात जाते. रंगीत लाकडाची राख भांडी घासायला किंवा परसातल्या मेथीलाही नको.

मग बसवावी का? आठ दिवस चूल किती वेळ पेटते ते पाहा. दोन्ही वेळच्या भाकरी तिच्यावर होत असतील तर जरूर बसवा. फक्त अंघोळीचे पाणी तापत असेल तर हा खर्च करू नका. बंब पडवीत, उघड्यावर न्या. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर तोवर निदान चुलीजवळची खिडकी उघडी ठेवा नि सरपण वाळलेलेच वापरा. ओले लाकूड चांगल्या चुलीलाही धुरकट करते.

आणि चूल आणायला निघण्याआधी घरधनिणीकडून तिच्या मोठ्या पातेल्याच्या आणि तव्याच्या बुडाचे माप घ्या. चुलीचे तोंड त्या मापाचे नसेल तर आठवड्याभरात जुने तीन दगड पुन्हा मांडले जातील.