उपक्रम झाला, शिकणं झालं का?

नागपूर महानगरपालिकेच्या शाळांतली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात स्वतः प्रयोग करतात आणि बघायला आलेल्यांना समजावूनही सांगतात. घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंवर उभा राहिलेला हा मेळावा शहराचं भूषण आहे. त्याचं साहित्य कोणत्याही शाळेला जमवता येईल; अवघड आहे ती त्यामागची तयारी. कारण प्रत्येक उपक्रमाला तीन अंगं असतात : मुलांनी करायचं काम, त्याला लागणारं साहित्य आणि अडलेल्या मुलाला मिळणारा आधार. पहिली दोन डोळ्यांना दिसतात, त्यांचे फोटो निघतात, अहवालात नोंद होते. तिसरं दिसत नाही, म्हणून नियोजनात त्याला जागा मिळत नाही आणि उपक्रम नेमका तिथेच फसतो.

नेहमीचाच एक प्रयोग घ्या. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जाड कागद ठेवून पेला उलटा करायचा आणि कागदाखालचा हात काढायचा. पाणी सांडत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, शिक्षक ‘हवेचा दाब’ असं सांगतात, मुलं वहीत उतरवतात. काम झालं, साहित्य वापरलं. कुणाला काय समजलं, ते मात्र कळलं नाही. आता हाच प्रयोग वेगळा मांडू. पेला उलटण्याआधी प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं. ‘पाण्यामुळे कागद चिकटतो’ असं लिहिणाऱ्या मुलाला लगेच चूक म्हणायचं नाही. प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला छिद्र पाडून, ते बोटाने दाबून त्याला पुन्हा प्रयोग करू द्यायचा. बोट उचलताच पाणी कोसळतं. कागद तर मघाइतकाच ओला होता, मग पाणी का पडलं? मूल इथून खरा विचार करू लागतं. हा प्रश्न ऐनवेळी सुचत नाही. तो आधी योजून ठेवावा लागतो.

विदर्भाला अशी आखणी नवी नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने हस्तव्यवसायातून शिकवणाऱ्या नई तालीमचा आराखडा तयार केला. त्यातली सूत कातायची टकळी सगळ्यांना आठवते. टकळीभोवतीची आखणी विसरली जाते. कातलेलं सूत मोजायचं, तोलायचं, त्याचा अंक काढायचा : तेवढ्याच वजनात लांबी जास्त, तर सूत बारीक आणि अंक मोठा. इथून गणितातलं गुणोत्तर, कापसावरून आपली काळी जमीन, सुतावरून 1877 मध्ये नागपुरात सुरू झालेली एम्प्रेस मिल, अशी सांगड घालता येते. पण ती घालणारा शिक्षक नसेल तर मूल नुसतं सूत कातत बसेल. म्हणूनच समितीने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही आराखडा दिला होता. पुढे ही योजना मागे पडली त्याला कारणं अनेक, पण तयार शिक्षकांची वानवा हे त्यातलं मोठं कारण.

उपक्रमांतून शिकण्यावर एक आक्षेप अभ्यासकांचा आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये मांडलं की नवख्या विद्यार्थ्याला फारसं मार्गदर्शन न देता शोधायला सोडलं तर शिकणं कमी होतं. त्यापेक्षा नीट समजावून शिकवावं. हा आक्षेप गंभीर आहे, पण त्याचा रोख मार्गदर्शनाच्या अभावावर आहे. आधार आखलेल्या उपक्रमाला त्यातून बळच मिळतं. दुसरी शंका अशी की फार आधार दिला तर मूल परावलंबी होईल. पण वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये अशा आधारासाठी ‘स्कॅफोल्डिंग’ची कल्पना मांडली ती बांधकामाच्या परांचीवरून : भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी, नंतर ती काढायचीच. तिसरी अडचण शिक्षकांची आणि ती सगळ्यात खरी आहे. एका वर्गात दोन इयत्ता, अशैक्षणिक कामं, अपुरा वेळ. त्यावर उपाय उपक्रम कमी करण्याचा आहे. वर्षभरात घाईने उरकलेल्या वीस उपक्रमांपेक्षा नीट आखलेले पाच मुलांच्या जास्त कामी येतील.

म्हणून शाळांना आणि शिक्षण विभागाला एक सूचना. पाठाच्या टाचणात एक रकाना वाढवा : मूल कुठे अडेल आणि तेव्हा मी त्याला काय विचारीन? शाळाभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी फोटो मागण्याआधी हा रकाना वाचावा. तो कोरा असेल, तर त्या उपक्रमाची तयारी अजून अर्धीच झालेली आहे.