नाल्याचे पाणी तपासणारा इंजिनिअर



मागच्या आठवड्यात नाल्याकाठी शेती असलेले एक कास्तकार मुलाला घेऊन माझ्याकडे आले. आले होते धानावरच्या तुडतुड्याचे औषध विचारायला. ते सांगून झाले तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, पोरगा बारावी सायन्स पास झाला जी. त्याले पर्यावरणाचा इंजिनिअर व्हायचं हाय म्हणते. आमच्या नाल्याले काळं पाणी येते, ते पाहून त्यानं मनावर घेतलं. अशी सरकारी नोकरी असते का? आन् तो साहेब करते काय?"

मी पडलो शेतीचा पदवीधर. पण कामानिमित्त या खात्याशी संबंध येत राहिला आहे. त्या दोघांना जे सांगितले, तेच आज आपल्या सर्वांसाठी लिहीत आहे.

हा अधिकारी बसतो कुठे?

राज्यातील पाणी व हवा यांच्या प्रदूषणावर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. हे मंडळ १९७० साली स्थापन झाले. आज त्याचे काम मुख्यतः केंद्राच्या तीन कायद्यांवर चालते : पाण्याचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. काही राज्यांत या पदाला सरळ 'पर्यावरण अभियंता' म्हणतात. आपल्याकडे दारावरच्या पाटीवर क्षेत्र अधिकारी, उप-प्रादेशिक अधिकारी, प्रादेशिक अधिकारी अशी नावे असतात. नोकरीची जाहिरात पाहताना हे ध्यानात ठेवावे, नाही तर समोर असलेली जाहिरातही निसटून जाईल.

चंद्रपूरला मंडळाचे कार्यालय आहे आणि त्याला कामाची वाण नाही. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, १९८३ पासूनचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, हे सारे आपल्या जिल्ह्याचे पोट आहे आणि त्याचे ओझेही आहे. २००९ साली केंद्रीय मंडळाने देशातील औद्योगिक भागांची प्रदूषणाची पाहणी केली. तीत चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण पडले आणि देशात चौथा क्रमांक लागला. या परीक्षेत जितके गुण जास्त, तितकी बदनामी जास्त.

त्याचे काम काय?

कारखाना उभारण्यापूर्वी एकदा आणि चालविण्यापूर्वी पुन्हा एकदा मंडळाची संमती घ्यावी लागते. त्या संमतीपत्रात किती पाणी सोडायचे, कसे सोडायचे, धूर किती, राखेचे काय, अशा अटी असतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे, नमुने घेणे, अहवाल लिहिणे, तक्रारीची चौकशी करणे, हे क्षेत्र अधिकाऱ्याचे रोजचे काम. कारखाना बंद करण्याचा हुकूम तो जाग्यावरच देत नाही. त्याच्या अहवालावरून वरिष्ठ निर्णय घेतात. म्हणून सगळी मदार त्या अहवालावर असते.

नमुना घेणे सोपे वाटते, पण तसे नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात असताना एका कास्तकाराच्या बांधीत नाल्याचे घाण पाणी शिरून रोवलेले धान पिवळे पडले. मी उत्साहाच्या भरात घरची तेलाची रिकामी बाटली धुतली, पाणी भरले आणि दुसऱ्या दिवशी एका प्रयोगशाळेत नेऊन दिले. तिथल्या बाईंनी विचारले, "किती वाजता घेतले? कोणासमोर घेतले? बर्फात ठेवले होते का?" माझ्यापाशी एकाचेही उत्तर नव्हते. त्या कास्तकाराचा हंगाम गेला आणि माझी बाटली बाद झाली. चूक माझी होती.

कायद्यात याची रीत ठरलेली आहे. कारवाईसाठी कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर तशी नोटीस द्यायची, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, डबे सीलबंद करायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि ताबडतोब प्रयोगशाळेत पाठवायचे. ही रीत चुकली तर तो अहवाल पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही.

प्रयोगशाळेत सामू पाहतात. माती परीक्षणात आपण पाहतो तोच. सर्वसाधारण नियमाप्रमाणे सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ असावा लागतो. दुसरी तपासणी बीओडीची. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खाते, हे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तो आकडा लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा आणि ओलितासाठी जमिनीवर सोडायचे तर १०० च्या आत. काही उद्योगांना वेगळ्या मर्यादा आहेत.

शिक्षण कोणते घ्यावे?

बारावीला भौतिक, रसायन व गणित घेऊन प्रवेश परीक्षेतून चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, हा सरळ रस्ता. दुसरा रस्ता दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. 'पर्यावरण' नावाची पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते, म्हणून अडून बसू नये. स्थापत्य किंवा रसायन शाखा घ्यावी. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखा आहे. पुढे 'गेट' परीक्षा देऊन पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करता येते, तेही नागपूरला व्ही.एन.आय.टी.त. विज्ञान शाखेच्या मुला-मुलींसाठी मंडळाच्या प्रयोगशाळांत वैज्ञानिक पदे असतात. असेच शिक्षण महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातही उपयोगी पडते.

प्रत्येक भरतीची अर्हता व वयोमर्यादा जाहिरातीत दिलेली असते, ती शब्दन्‌शब्द वाचावी. जातीचे व वैधतेचे कागद आधीच काढून ठेवावेत. आणि 'साहेबांशी ओळख आहे' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

आपण काय करावे?

घाण पाणी दिसले की त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, गट क्रमांक, रंग आणि वास लिहावा. धूळ असेल तर वारा कोणीकडून होता तेही लिहावे. मोबाइलवर फोटो काढावा. मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पिकाचे नुकसान झाले असेल तर तलाठी कार्यालय व कृषी खात्याला कळवून पंचनाम्याची मागणी करावी. भरपाईसाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले आहे. आपल्या राज्याचे खंडपीठ पुण्याला आहे आणि तिथला अर्ज साधारण पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

एवढे ऐकून ते कास्तकार म्हणाले, "म्हंजे साहेब, पाणी काही उद्या बंद होत नाही."

"नाही," मी म्हणालो. खोटा धीर देऊन काय उपयोग?

मुलगा मात्र माझ्या टेबलावरचा पेन मागून वहीत लिहीत होता. मी डोकावून पाहिले. त्याने मागच्या तीन वेळच्या काळ्या पाण्याच्या तारखा आठवून लिहिल्या होत्या. चौथीपुढे वेळेसाठी जागा सोडली होती.

पुढील अंकात धानावरील तुडतुड्याविषयी लिहीन.