कूलर दिला, पण देखभालीचे काय?

मरहूम वडीलधाऱ्यांच्या ईसाले सवाबसाठी दवाखान्यात पाण्याचा कूलर बसवणे, ही आम्हा व्यापाऱ्यांची जुनी रीत. नावाची पाटी लागते, दुआ होते आणि आम्ही दुकानात परततो. पुढे टाकी कोण धुतो, हे विचारायला कोणी जात नाही.

थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गारव्याने सगळे जंतू मरत नाहीत. बर्फातही ते तग धरतात. कार्बनचा फिल्टर पाण्यातले क्लोरीन काढून घेतो. मग धुलाई चुकली की टाकीत आणि तोटीत बुळबुळीत थर धरतो. धडधाकट माणसाला ते एक वेळ पचेल, आजाऱ्याला नाही. बर्फाचेही तेच. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात तो निळा करण्याचा हुकूम निघाला. पण खाण्याचा बर्फही पेटीत हात घालून काढला, तर काय उपयोग?

यंत्रमाग घेणारा कारागीर तेल-दुरुस्तीचा खर्च आधीच धरतो. तसाच कूलर देताना टाकी धुण्याचा आणि फिल्टर बदलण्याचा खर्च धरावा. एक जबाबदार माणूस नेमावा. आपल्या नावाच्या पाटीखाली शेवटच्या धुलाईची तारीख लिहावी. बंधूंनो, सदका-ए-जारिया म्हणजे चालू राहणारे दान. ते चालू ठेवणे आपल्याच हाती आहे.