ह्याला कोण धरील?

दिवाळीत आमच्या घरी एक भांडण ठरलेले. करंज्या तळताना नातवाला कोणी धरायचे? मोठी माणसे चार, मूल एक. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांची दमछाक!

म्हणूनच यंदा भाऊबिजेला केजजवळ पाहिलेली गोष्ट मनातून जात नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि माणसे चढत होती. दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नऊ-दहा वर्षांची एक पोर भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या आईला विचारले, “हिची शाळा?”

“वसतिगृहात ठेवली असती हो, ताई. पण ह्याला कोण धरील?”

आईनेच घरी राहावे, असे आपण सहज म्हणू. पण तिथला हिशेब निराळा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचलही जोडीवरच. ती मागे राहिली तर अर्धा कोयता आणि उचलही निम्मी.

सरकारने काहीच केले नाही, असे नव्हे. 1975 पासून अंगणवाड्या आहेत. मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची वसतिगृहे मंजूर झाली. पण वसतिगृह घेते शाळकरी मुलाला, अंगणवाडी सांभाळते तीन वर्षांपुढच्याला, तेही काही तास. दीड वर्षाचे पोर उरते, ते बहिणीच्या कडेवर बसते. एका पाळण्यावाचून वसतिगृहातली खाट रिकामी राहते!

केंद्राची 2022 पासूनची ‘पाळणा’ योजना सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. ती टोळीच्या कोप्यांपाशी न्यावी. मात्र दहाला उघडणारे पाळणाघर तिथे काय कामाचे? कोयता पहाटेच चालू होतो. टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला शिकवून पगारावर नेमावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मग पाळणा फडावर न्यायला काय हरकत आहे?

पैशाचे म्हणाल, तर ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत आणि तेवढेच सरकारने घालावेत, असे ठरलेलेच आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचेच 50 लाख होतात. त्यातून पाळणे का टांगू नयेत?

घरी आले तो नातू रडत होता. त्याला घेऊन अर्धा तास फेऱ्या मारल्या आणि हात भरून आले. त्या पोरीला तर अजून पाच-सहा महिने काढायचे होते.