गव्हाणीतले रेशीम कोणाला खुपते?

ख्रिस्तजयंतीचा सण जवळ आला की आमच्या धर्मग्रामांतून दोन प्रकारची मंडळी पुढे सरसावतात. पहिली मंडळी बाजारात जाऊन चकचकीत प्लॅस्टिकच्या माळा, कृत्रिम बर्फ आणि थर्माकोलचे पांढरे तुकडे आणतात आणि मंदिर सजले असे समजून हात झटकतात. दुसरी मंडळी अधिक विचारी, अधिक वाचलेली. एखाद्या भगिनीने हाताने शिवलेली मखमलीची चांदणी, जरीच्या काठाचा बटवा किंवा रेशमी अस्तराची कुंची त्यांच्या दृष्टीस पडली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. प्रभू गोठ्यात जन्मला, त्याला मखमल कशाला? पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात हे रेशमाचे चोचले शोभतात काय? त्यापेक्षा ते पैसे गरिबांना द्यावेत, असा त्यांचा सल्ला असतो.

पहिल्या मंडळींशी आमचे भांडण थोडक्यात आटपण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ सालच्या मार्चमध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलविषयी जी अधिसूचना काढली, तिच्यात सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक त्याच्या तीन वर्षे आधी, २०१५ साली, प्रसिद्ध झाले होते. इतके होऊनही गोठ्याच्या छपरावर थर्माकोलचा बर्फ पडतच असेल, तर तो ऊन आणि कुसळ यांच्या या मुलखात कोणत्या ढगातून पडतो, एवढेच आम्ही विचारू आणि पुढे जाऊ.

दुसऱ्या मंडळींचे म्हणणे मात्र असे झटकून टाकता येत नाही. त्यांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा असिसीच्या संत फ्रान्सिसचा आहे. १२२३ साली ग्रेच्चो येथे त्याने पहिला गोठा मांडला, तेव्हा तेथे मूर्ती नव्हत्या, झालरी नव्हत्या. गवताने भरलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव आणि मशाली घेऊन आलेले गावकरी, एवढाच तो थाट होता. फ्रान्सिस हा तर कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. भारी कापड कसे असते हे त्याला जन्मापासून ठाऊक होते, आणि बापाने दिलेली वस्त्रे त्याने बिशपांसमोर अंगावरून उतरवून परत केली. मग त्याच्या गोठ्याला आम्ही रेशीम का लावावे?

प्रश्न रास्त आहे. पण फ्रान्सिसचे अर्धेच चरित्र सांगून थांबणे रास्त नाही. स्वतः ठिगळांचा झगा घालणाऱ्या याच माणसाने आपल्या बंधूंना पत्रे लिहून बजावले की वेदीवरची पात्रे, वेदीची वस्त्रे आणि मिस्साबलिदानाशी संबंध असलेले सारे काही मोलाचे असावे. आणि त्याच्या मार्गाने गेलेली संत क्लेअर? तिच्याइतके कठोर दारिद्र्य फार थोड्यांनी पत्करले असेल. ती दीर्घ आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा बिछान्यावर टेकून बसून तिने तलम कापड तयार केले. त्यातून पन्नासाहून अधिक कॉर्पोरल-वस्त्रे सिद्ध झाली. ती रेशमी आणि जांभळ्या कापडाच्या पिशव्यांत घालून असिसीच्या परिसरातील मंदिरांना पाठवण्यात आली. पायात जोडा न घालणारी बाई देवाच्या वेदीसाठी रेशमाची पिशवी करते! आमच्या विचारी मंडळींनी तिला काय सुनावले असते, याची आम्हांला उत्सुकता आहे.

पवित्र शास्त्रही या बाबतीत आमच्या टीकाकारांना फारसे साथ देत नाही. निवासमंडपाच्या उभारणीत निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचे काम करणाऱ्या कुशल स्त्रियांची निर्गमच्या पुस्तकात आवर्जून नोंद आहे. याफो येथील तबिथा मरण पावली, तेव्हा विधवांनी पेत्राला तिची पुण्याई शब्दांनी सांगितली नाही; तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याच्यापुढे धरले. खुद्द प्रभूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, बिनशिवणीचा होता, आणि तो इतका चांगला होता की क्रुसाखालच्या शिपायांनाही तो फाडवेना; त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. तो ज्या हातांनी विणला त्या हातांना कोणी चैनीबद्दल बोल लावलेला नाही. राहिला गरिबांना पैसे देण्याचा सल्ला. बेथानीच्या भोजनप्रसंगी तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले गेले, तेव्हा हाच सल्ला दिला गेला होता. तो कोणी दिला आणि पैशांची थैली कोणाजवळ असे, हे संत योहानाने लिहून ठेवले आहे.

परंतु धर्मग्रंथाच्या आधाराने वादात जय मिळवून आमचे समाधान होणार नाही. धाराशिवला दुष्काळ आहे हे खोटे नाही. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे सास्तूर आणि लोहारा परिसरावर जे कोसळले, तेही या जिल्ह्याच्या अंगावर आहे. तेव्हापासून या मुलखाकडे हात पसरणारा मुलूख म्हणून पाहण्याची बाहेरच्यांना सवय जडली आहे. आमचे म्हणणे असे की, या जिल्ह्याच्या हातात देण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार जुने आहे.

तेर हे गाव आज गोरोबाकाकांचे म्हणून ओळखले जाते. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे ज्या शतकात शुभवर्तमाने लिहिली जात होती त्याच शतकात, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हा सागरी व्यापाराचा वृत्तांत लिहिला. त्यात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगराचा उल्लेख आहे. आणि तेथून गाड्यांत भरून भडोच बंदराकडे काय जात असे? साधे कापड तर होतेच, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहता येतात. रोमच्या साम्राज्याला कापड पुरवणाऱ्या भूमीला रेशमाचा तुकडा पेलवत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या संग्रहालयाची पायरी चढावी. मराठवाड्याचेच पैठण पैठणीला नाव देऊन गेले. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरू व मशरू या कापडांची ख्याती आम्ही सांगायला नको. मशरूची घडण तर मोठी मासलेवाईक आहे: वरून रेशीम, अंगाच्या बाजूला सूत. निव्वळ रेशीम अंगाला लागू न देणारा धर्मनियम पाळून मुसलमान गृहस्थाला ते वापरता यावे म्हणून ही युक्ती. रेशीम आणि धर्म यांचे भांडण आमच्याच अंगणातले आहे असे नव्हे, आणि शेजाऱ्यांनी ते आमच्याहून अधिक शहाणपणाने मिटवले.

आता हे भारी कापड आणावयाचे कोठून? नवे कोरे ठाण विकत घ्यावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जुनी रेशमी साडी घडीवर विरते, पण तिचे काठ आणि पदर वर्षानुवर्षे शाबूत राहतात. अशा साड्या आमच्या घरोघरच्या ट्रंकांत डांबराच्या गोळ्यांसह निजलेल्या आहेत. लग्नात एकच दिवस घातलेला पांढऱ्या साटिनचा पायघोळ पोशाख कोणत्या ख्रिस्ती घरात नाही? शिंप्याच्या दुकानात खणांची, मखमलीची कात्रणे पोत्याने पडलेली असतात. गोधडीत ठिगळावर ठिगळ बसवून धावदोऱ्याच्या ओळी घालणाऱ्या आमच्या आज्यांना चिंधीचे मोल कोणी शिकवावे लागले नाही.

मोल शिकावे लागेल ते ग्राहकांना, आणि येथे आम्ही खऱ्या मुद्द्याशी येतो. वीतभर मखमलीची पाच टोकांची चांदणी कशी होते, हे मिस्सानंतरच्या टेबलाशी उभे राहून घासाघीस करणाऱ्यांनी एकदा पाहावे. मखमलीला लव असते. दहा तुकडे बेतताना एकाची जरी लव उलटी गेली, तरी शिवल्यावर ते टोक मळल्यासारखे काळपट दिसते. रेशमाचे सूत कडेने निसटते, म्हणून त्याला आधी खळ लावावी किंवा अस्तर जोडावे लागते. दोन टोकांमधल्या खाचेत कातर टाक्यापर्यंत अगदी जवळ न्यावी लागते. केसभर अलीकडे थांबली तर चांदणी उलटवल्यावर तेथे चुणी पडते, केसभर पलीकडे गेली तर शिवण उसवते. मग कापूस टोकापर्यंत सळईने ढकलायचा, उघडी बाजू बारीक टाक्यांनी मिटवायची, कडेने जर लावायची. मखमलीवरून इस्त्री फिरवायची सोय नाही. लव कायमची बसते. सरावलेल्या हातालाही या कामाला दोन तास लागतात.

हिशेब मांडून पाहू. कात्रणे फुकट मिळाली तरी अस्तर, कापूस, जर आणि दोरा मिळून ३० रुपये धरा. ही चांदणी ६० रुपयांना विकली, तर बाईच्या हाती दोन तासांचे ३० रुपये पडले. आठ तास मान मोडून बसली तर १२०. शेतात खुरपायला जाणारी बाईसुद्धा याहून अधिक घेऊन येते. तिला निदान ३०० रुपये रोज मिळावा असे वाटत असेल, तर चांदणीची किंमत १०५ रुपयांच्या खाली येऊच शकत नाही, आणि यात यंत्राची झीज धरलेली नाही. ६० रुपये सांगितले की "चाळीसला दे, बाई, धर्मकार्य आहे," असे म्हणणारा गृहस्थ धर्मकार्य कोणाच्या खिशातून करीत असतो? रेशीम महाग म्हणून ओरड करणाऱ्यांना बाईचा वेळ फुकट वाटतो, ही या सगळ्या साधेपणाच्या उपदेशातली खरी गोम आहे. शिवणवर्ग काढून यंत्रे वाटण्याचे समारंभ आम्ही पुष्कळ पाहिले. छायाचित्रे निघतात, हार पडतात, आणि वर्षाने तेच यंत्र घरात धान्याच्या पोत्यांना टेकू देत उभे असते, कारण शिवलेला माल घेणारा कोणी नसतो.

त्यातून काळवेळेचे भान नाही. भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात ती उन्हाळा तोंडावर आल्यावरच परततात. आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटते तेव्हा त्यांच्या घराला कुलूप असते आणि ख्रिस्तजयंतीच्या रात्री ती माणसे कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत झोपलेली असतात. गोठ्यातल्या जन्माचा अर्थ आम्ही त्यांना समजावून सांगावा अशी स्थिती नाही. मुकादम त्यांना पावसाळ्यातच उचल देऊन बांधून घेतो. आमची धर्मग्रामे मात्र सजावटीचा विचार डिसेंबरच्या पहिल्या रविवारी करतात आणि उचलीऐवजी आभार देतात. ज्या बाईला गावात राहून शिवण करता आले असते, ती कोयता घेऊन केव्हाच गेलेली असते.

म्हणून मोठ्या शहरांतील, वसईतील, पुण्यामुंबईतील धर्मग्रामांना आमचे सांगणे आहे की मागणी आषाढ-श्रावणात नोंदवावी, निम्मे पैसे तेव्हाच हाती ठेवावेत आणि वस्तूबरोबर ती शिवणारीचे नावही कापडाच्या पट्टीवर टाचून मागावे. भेट देणाऱ्याने आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि करणारीने निनावी राहायचे, ही रीत कोठल्या शुभवर्तमानातली आहे, ते आम्हांला सापडलेले नाही.

आणि काय शिववून घ्यावे, याविषयीही दोन शब्द. लाल मखमलीचा पायमोजा आम्हांला मंजूर नाही. ज्या घरात चुलीला धुराडे नाही तेथे तो टांगायचा कोठे? आमच्याकडे कुंची आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारी, खणाची, काठाला जरीची पट्टी लावलेली. बाळयेशूच्या मूर्तीला ती जशी शोभेल तशी दुसरी कोणतीही टोपी शोभणार नाही. संत लूकाने सांगितलेल्या बाळंत्यांशी तिचे नाते सरळ आहे. भेटवस्तू कागदात गुंडाळून तो कागद दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकण्यापेक्षा पैठणीच्या काठाचा, ओढदोरीचा बटवा द्यावा, प्रार्थनापुस्तकाला रेशमी बासन द्यावे, जपमाळेला चंची द्यावी; ती वर्षानुवर्षे हातात राहील. दाराला खणाच्या कापडाचे तोरण असावे. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथूनच गोठ्याविषयी जे पत्र दिले, त्यात रोजच्या जगण्यातली माणसे गोठ्यात येऊन उभी राहतात याचे त्यांनी कौतुक केले आहे. मग आमच्या गोठ्यात कोयता खांद्यावर घेतलेले जोडपे का नसावे, घागर घेऊन टँकरमागे चाललेली बाई का नसावी? याच जिल्ह्याच्या मुख्य गावी, जानेवारी २०२० मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. या मातीने आमच्या एका धर्मगुरूला असा मान दिला; आमच्या गोठ्यात या मातीतले एखादे जनावरसुद्धा नसावे?

जनावराचा विषय निघाला म्हणून सांगतो. कापसासारखी पांढरीशुभ्र, कुरळ्या लोकरीची मेंढरे आमच्या गोठ्यात कोठून येतात कोण जाणे. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. जिल्ह्याचे नाव बदलले तरी तिचे नाव लोकांच्या तोंडून जायचे नाही. ती बहुधा काळी, लांब लोंबत्या कानांची, आणि गरिबाच्या दारात बांधलेली. यंदा आमच्या धर्मग्रामांनी गव्हाणीशेजारी तीच बसवावी. काळ्या मखमलीची शिवावी, कानांना आतून रेशमी अस्तर द्यावे, कापूस पोटात घट्ट आणि मानेत सैल भरावा. आणि लव मानेकडून शेपटाकडे येईल अशी बेतावी, म्हणजे पाठीवरचा केस खरा दिसतो. एका शेळीला एका बाईचा अख्खा दिवस जाईल. तेवढे धरूनच किंमत विचारावी.