मुंबईंत प्रथम जातांना उतरावें कोठें?

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत प्रवासाचे प्रश्न वाढूं लागतात. या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं कऱ्हाडच्या एका भगिनींचें पत्र आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें. त्या लिहितात : "आम्ही आठ माणसें पांच दिवसांसाठीं मुंबईस जाणार आहोंत. मामंजी, सासूबाई, आम्ही दोघें, धाकटे भावोजी, जाऊबाई व दोन मुलें. यापूर्वीं आमच्यापैकीं कोणीही मुंबई नीट पाहिलेली नाहीं. सासूबाईंस सिद्धिविनायकाचें दर्शन घ्यावयाचें आहे आणि समुद्र पहावयाचा आहे. मामंजींस वस्तुसंग्रहालय, तर मुलांस राणीची बाग व घारापुरीची लाँच. परंतु उतरावें कोठें याविषयीं नातेवाइकांचीं पांच मतें पडलीं आहेत. कोणी अंधेरी म्हणतात, कोणी दादर, कोणी ठाणें, तर कोणी नवी मुंबई. आपण सांगाल तें आम्ही प्रमाण मानूं."

'प्रमाण मानूं' हे शब्द वाचून आम्हांस थोडा संकोच वाटला; कारण याच बाबतींत आमच्या हातून एकदां मोठी चूक घडलेली आहे. ती आधीं सांगतों, म्हणजे पुढील सल्ल्याचें मूळ वाचकांच्या ध्यानांत येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीही घरचीं सात माणसें घेऊन मुंबईस गेलों. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. त्यांचे वडील नोकरीनिमित्त गिरगांवांत एका चाळींत राहत, आणि वयाच्या सातव्या वर्षापर्यंत आत्याबाई तेथेंच वाढल्या. पुढें साताऱ्यास आल्या त्या पुन्हां मुंबईस गेल्या नाहींत. निघण्यापूर्वीं त्यांनीं एकच मागणी केली होती : "अरे, दिवेलागणीला चौपाटीवर घटकाभर बसूं. बाकी तुम्ही न्याल तिकडे येईन." आम्हीं मोठ्या तोंडानें हो म्हटलें.

बिऱ्हाडाची व्यवस्था मात्र आम्हीं उत्तरेकडील एका दूरच्या उपनगरांत केली. खोल्या प्रशस्त होत्या, भाडें निम्में होतें, आणि सुचविणारे गृहस्थ नात्यांतले होते. एवढ्यावर आमचें समाधान झालें. पहिला दिवस प्रवासाच्या शिणांत गेला. दुसऱ्या दिवशीं सिद्धिविनायक करून आलों तों तान्हें मूल रडून रडून निपचित पडलें. तिसऱ्या दिवशीं गेट वे ऑफ इंडिया व वस्तुसंग्रहालय पाहिलें. पण चार वाजले तशी आमची चुळबुळ सुरू झाली. पांच वाजल्यानंतर चर्चगेटहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडींत म्हाताऱ्या माणसास व कडेवरच्या मुलास घेऊन शिरणें किती कठीण, हें आदल्या दिवशीं कळून चुकलें होतें. म्हणून चौपाटी उद्यांवर टाकून आम्ही परत निघालों. मरीन लाईन्स व चर्नी रोड या स्टेशनांच्या मध्यें गाडी समुद्राच्या जवळून जाते. रात्रीं जेवतांना आत्याबाई हंसून म्हणाल्या, "दिसला हो समुद्र, दोन बायकांच्या खांद्यांमधून." चौथ्या दिवशीं त्यांचे पाय सुजले व त्या खोलींतून बाहेर पडूं शकल्या नाहींत. पांचव्या दिवशीं आम्ही घरीं परतलों. त्यानंतर दोन वर्षांनीं आत्याबाई गेल्या. चौपाटी राहून गेली ती कायमचीच.

भाड्यांत वांचविलेला पैसाही हातीं लागला नाहीं. सात माणसांस स्टेशनपर्यंत दोन रिक्षा, पलीकडे उतरल्यावर दोन टॅक्सी, वाटेंत खाणें-पिणें, आणि हेंच सर्व परत येतांना ! परंतु पैशाचें दुःख आम्हांस नाहीं. बिऱ्हाड निवडतांना आम्हीं खोली कशी आहे हें विचारलें. आत्याबाई संध्याकाळीं तेथें कशा परततील हें विचारलें नाहीं, याचें आहे.

आतां मुंबईची घडण पहावी. हें शहर उत्तर-दक्षिण लांबट व अरुंद आहे, आणि आगगाड्याही त्याच दिशेनें धांवतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास गेली, तें अंतर सुमारें ३४ किलोमीटर. म्हणजे ठाणें हें तेव्हांपासून मुंबईशीं जोडलेलें असलें तरी जवळ नव्हे. सकाळीं कामावर जाणाऱ्या माणसांचा लोट मुख्यतः दक्षिणेकडे वाहतो व संध्याकाळीं उत्तरेकडे परततो. वांद्रे-कुर्ला संकुल व अंधेरी येथें कचेऱ्या वाढल्यापासून या लोटास फांटे फुटले आहेत, तरी जुनी दिशा बदललेली नाहीं. नवख्या माणसाचीं बहुतेक प्रेक्षणीय स्थळें दक्षिणेसच आहेत. जो उत्तरेस उतरतो तो दोन्ही वेळां लोटाबरोबर चेंगरत जातो. जो दक्षिणेस उतरतो त्यास सकाळ-संध्याकाळ त्या गर्दीशीं फारसें कर्तव्यच उरत नाहीं. शिवाय रिक्षा ही वांद्रें व शीव यांच्या उत्तरेसच मिळते. दक्षिणेस बस, टॅक्सी व पाय एवढींच साधनें होतीं. त्यांत आतां भुयारी मेट्रोची भर पडली आहे. आरे ते कफ परेड हा तिचा सुमारें ३३ किलोमीटरांचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्णपणें खुला झाला.

या दृष्टीनें एकेका वस्तीचा विचार करूं.

फोर्ट व कुलाबा हा भाग पाहण्याच्या स्थळांस सर्वांत जवळ. १८८८ मध्यें पुरें झालेलें बोरीबंदर स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, १९२२ पासून लोकांस खुलें असलेलें वस्तुसंग्रहालय, १९२४ चें गेट वे, आणि तेथूनच सुटणारी घारापुरीची लाँच, हीं सर्व येथें हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु चांगल्या खोलीचें भाडें जड, आणि साधें घरगुती जेवण शोधावें लागतें. फोर्टांतील कचेऱ्यांच्या गल्ल्या रात्रीं व रविवारीं निर्मनुष्य होतात. दोघांच्या प्रवासास हा भाग ठीक. आठ माणसांच्या कुटुंबास आम्ही तो सुचविणार नाहीं.

गिरगांव ही जुनी मराठी वस्ती. १८९३ मध्यें येथील केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि १९२० मध्यें लोकमान्यांच्या देहास अग्नि दिला गेला तो येथील चौपाटीवरच. चर्नी रोड स्टेशनावरून चौपाटी चालत गांठतां येते. मेट्रोचें 'गिरगांव' स्टेशन झाल्यापासून बोरीबंदर एका बाजूस व सिद्धिविनायक दुसऱ्या बाजूस, दोन्ही एकाच गाडीनें साधतात. जेवणाखाण्याची चिंता नाहीं; थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी व पियूष मिळण्याचें ठिकाण कोणासही विचारावें. उणीव एवढीच कीं उतरण्याच्या जागा थोड्या, इमारती जुन्या, व पुष्कळ ठिकाणीं जिने उभे. गणेशोत्सवांत, विशेषतः अनंत चतुर्दशीस, येथें बिऱ्हाड करूं नये.

दादर-माटुंगा हा भाग १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टनें आंखून वसविलेला असल्यामुळें रस्ते रुंद व झाडांच्या सावलीचे आहेत. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंची गांठ दादरास पडते. पुण्या-कोल्हापुराकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या येथें थांबतात. सामान घेऊन शेवटपर्यंत जावें लागत नाहीं. नाट्यगृह, शिवाजी पार्क, मराठी पुस्तकांचीं दुकानें, लुगड्यांची खरेदी व सिद्धिविनायक हें सर्व जवळ. मात्र स्टेशनालगतचा बाजार सकाळ-संध्याकाळ इतका भरतो कीं मुलाचा हात क्षणभर सोडण्याची सोय नाहीं. जागा घ्यावी ती स्टेशनापासून थोडी आंतल्या अंगास.

पार्लें-अंधेरी ज्यांस विमानानें यावयाचें आहे किंवा ज्यांचें काम उपनगरांतच आहे त्यांच्यासाठीं. ठाणें व नवी मुंबई येथील घरें मोकळीं, हवा बरी. तेथें कोणाचें लग्नकार्य असल्यास अवश्य उतरावें. पण मुंबई पाहण्यासाठीं तेथें उतरणें म्हणजे आमच्या चुकीची पुनरावृत्ति होय.

आणखी एक नाजूक गोष्ट. मुंबईंत आपले आप्त असतातच, आणि "आमचें घर असतांना बाहेर कां उतरतां ?" असें ते प्रेमानें म्हणतात. परंतु दोन खोल्यांच्या घरांत आठ पाहुणे पांच दिवस राहिले म्हणजे पहाटे पाण्याच्या वेळेपासून रात्रीं अंथरुणें घालीपर्यंत त्या घरच्या गृहिणीचे काय हाल होतात, याचा विचार आपणच केला पाहिजे. ती बिचारी बोलून दाखविणार नाहीं. एकटे-दुकटे असल्यास आप्तांकडे जरूर उतरावें. मोठें कुटुंब असल्यास बिऱ्हाड वेगळें करावें आणि एका संध्याकाळीं आपल्या गांवचा कांहीं जिन्नस घेऊन भेटीस जावें. त्यांतच दोन्ही घरांची गोडी राहते.

हल्लीं जागा फोनवर पाहून ठरवितां येते. परंतु छायाचित्रांत खोली दिसते, जिना दिसत नाहीं. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं प्रत्यक्ष बोलून पुढील गोष्टी विचाराव्या : खोली कितव्या मजल्यावर आहे व लिफ्ट चालू आहे काय ? वृद्धांस बसतां येईल असें उंच शौचकूप आहे काय ? पाणी दिवसभर असतें कीं ठराविक वेळीं ? दोन खोल्या शेजारीं-शेजारीं मिळतील काय ? स्टेशन 'पांच मिनिटांवर' आहे असें सांगितल्यास तीं मिनिटें कोणाच्या पायांचीं, हेंही विचारावें. एका टॅक्सींत साधारणपणें चारच माणसें बसतात. आठांस दोन लागतील हें हिशेबांत धरावें. लोकलनें जातांना स्त्रिया निराळ्या डब्यांत बसणार असल्यास उतरण्याच्या स्टेशनाचें नांव व भेटण्याची जागा प्रत्येकास, मुलांससुद्धां, आधीं सांगून ठेवावी.

आतां कऱ्हाडच्या भगिनींस आमचें उत्तर. आपल्या यादींतील स्थळें कागदावर मांडलीं तर गेट वे, संग्रहालय व घारापुरी दक्षिणेस, राणीची बाग भायखळ्यास, सिद्धिविनायक प्रभादेवीस, आणि समुद्र गिरगांवास. या सर्वांच्या मध्यावर गिरगांव पडतें. तेथें लिफ्टची जागा मिळाल्यास तेथेंच उतरावें. न मिळाल्यास दादर. ठाण्याचा व अंधेरीचा विचार सोडावा. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं व राणीची बाग बुधवारीं बंद असते, म्हणून वारांची आंखणी आधींच करावी. घारापुरीस पायऱ्या पुष्कळ आहेत. त्या दिवशीं मामंजी-सासूबाईंस बिऱ्हाडींच विश्रांति घेऊं द्यावी. बिऱ्हाड जवळ असल्याचा खरा लाभ हाच कीं थकलेल्या माणसास दुपारीं घरीं परतून दोन तास निजतां येतें, आणि संध्याकाळीं पुन्हां ताजेतवानें होऊन बाहेर पडतां येतें.

सर्वसाधारण नियम म्हणून आमच्या इतर वाचकांसही एवढेंच सांगूं : कोणत्याही मोठ्या शहरीं प्रथम जातांना 'कोणता भाग चांगला' हें विचारूं नये. आपल्यांत सर्वांत लवकर थकणारें माणूस कोण, आणि त्यास काय पहावयाचें आहे, हें प्रथम विचारावें, व त्या जागेच्या जवळ उतरावें. बाकीचीं माणसें धडधाकट असतात. तीं कोठूनही कोठेंही जातील.

आत्याबाई गेल्यानंतर आमचें पुन्हां मुंबईस जाणें झालें. या वेळीं गिरगांवांतच उतरलों. पहिल्याच संध्याकाळीं पायींच चौपाटीवर गेलों व दिवे लागेपर्यंत बसलों. उठण्याची कोणासच घाई नव्हती, कारण परतीची गाडी गांठावयाची नव्हती. कऱ्हाडच्या आमच्या भगिनींस विनंती आहे कीं, सासूबाईंस समुद्रावर नेण्याचें शेवटच्या दिवसासाठीं ठेवूं नये. पहिल्याच संध्याकाळीं न्यावें.