झिजलेल्या किल्लीची नक्कल नको

किल्ली जरा वर उचलायची, केसभर मागे घ्यायची आणि मग फिरवायची. ज्या घरात जुनी गाडी आहे, तिथे ही युक्ती नव्या चालकाला क्लच-गिअरच्या आधी शिकवली जाते. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० पैकी कितीतरी गाड्या पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून आजही रस्त्यावर आहेत. लोक त्यांचे इंजिन निगुतीने सांभाळतात. किल्लीकडे मात्र ती अडल्याशिवाय कोणी पाहत नाही.

इग्निशनच्या कुलपात पातळ धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या स्प्रिंगने दाबून धरलेल्या असतात. किल्ली आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पट्टीला ठरलेल्या उंचीवर आणतात. सगळ्या पट्ट्या जागेवर बसल्या तरच कुलपाचा गाभा फिरतो. खाचांच्या दोन लगतच्या खोल्यांमधला फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून थोडीशी झीजही एखादी पट्टी अडकवायला पुरते. झीज फार झाली, तर चालू गाडीतून किल्ली बाहेर निघू शकते. तिथे युक्तीचे कौतुक संपते आणि धोका सुरू होतो.

अशा वेळी आपण हातातली किल्ली चावीवाल्याला देतो, आणि चूक इथेच होते. यंत्राचे टोक जुन्या किल्लीच्या कडेवरून सरकते आणि शेजारचे चक्र कोऱ्या किल्लीवर तोच आकार कापते. झीज जशीच्या तशी उतरते, त्यात यंत्राची बारीकशी तफावतही भर घालते. त्यापेक्षा कपाटात पडून असलेली दुसरी किल्ली शोधावी. कमी वापरलेली ती मूळ मापाच्या अधिक जवळ असते. गाडी घेताना किल्ल्यांसोबत क्रमांकाचा छोटा बिल्ला मिळाला असेल, तर आणखी उत्तम. त्या क्रमांकावरून कारखान्याच्या मापाची किल्ली कापता येते. दोन्ही नसतील, तर जाणकार कारागीर दाराचे कुलूप उतरवून पट्ट्यांवरून माप काढतो. किल्लीत चिप असलेल्या गाडीत नुसती कापलेली किल्ली फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही. चिपची जुळणीही करावी लागते.

मात्र नवी किल्ली करून घेण्याआधी एक तपासणी करावी. किल्ली अडली असेल, तर स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहावे. पुष्कळदा दोष स्टिअरिंग लॉकवरच्या ताणाचा असतो. कुलपात तेल सोडू नये, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते.

घर, दुकान, तिजोरी यांच्या किल्ल्यांचा जुडगा गाडीच्या किल्लीला लटकवणेही थांबवायला हवे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत दोष इग्निशन स्विचच्या रचनेत होता, पण जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने स्विच सरकून इंजिन बंद पडत होते आणि एअरबॅग उघडत नव्हत्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना किल्लीवरचे सारे ओझे काढायला सांगितले होते.

आपल्याकडे जोवर सरकार जुन्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करते, तोवर क्रमांकावरून किल्ली देण्याची जबाबदारी उत्पादकांनीही घ्यायला हवी. नोंदणीपत्र आणि ओळखपत्र तपासून ही सेवा सहज देता येईल. मालकांनी बिल्ला गाडीत ठेवू नये, तो हाती लागला तर चोरालाही किल्ली करून घेता येते. आणि नवी किल्ली आली म्हणून जुनी फेकू नये: गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी मूळ किल्ल्या मागते.